घाबरं होतंय

बुकित पंजांग हे नाव बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी ते ‘बुकित पंचांग’ असं वाचलं आणि त्यापायीच आपलं घर त्या टोकाला झालं, असं आई आजही म्हणते. एजंटने दाखवलेला दुसरा फ्लॅट यिशुनला होता. तो जास्त हवेशीर होता, पण यिशुन म्हणताना शिंक आल्यासारखं वाटतं, पत्ता सांगितला की लोक रुमाल पुढे करतील, हे बाबांचं म्हणणं. त्यांचं ऑफिस होतं चांगी बिझनेस पार्कमध्ये, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या कडेला. रोज सकाळी आधी एलआरटीची छोटी गाडी, मग मेट्रोची लाल लाइन, मग हिरवी लाइन असं अख्खं सिंगापूर आडवं कापत ते कामाला जायचे आणि संध्याकाळी तेच उलटं कापत परत यायचे. “देश लहान आहे म्हणून निभावतंय,” ते म्हणायचे, “नाहीतर पंचांग बघून घर घेणाऱ्या माणसाला रोज पासपोर्ट लागला असता.”

आमचा फ्लॅट एलआरटीच्या रुळांच्या बरोबरीने होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात लांब केला तर गाडीला लागेल असं लहानपणी मला वाटायचं. ड्रायव्हर नसलेली ती छोटीशी गाडी दिवसभर घुंऽऽ करत वस्तीभोवती गोल फिरायची, आणि तिची एक खोड होती. इमारतींच्या अगदी जवळून जायची वेळ आली की तिच्या खिडक्यांच्या काचा आपोआप पांढऱ्या व्हायच्या, म्हणजे प्रवाशांना कोणाच्या घरात डोकावता येऊ नये. पहिल्यांदा ती काच अंगावर दूध सांडल्यासारखी पांढरी झाली तेव्हा आई दचकून म्हणाली होती, “अगंबाई, हिला मोतीबिंदू झाला!” तेव्हापासून आमच्या घरी त्या जागेचं नाव मोतीबिंदू. मोतीबिंदू गेला की उठायचं, पुढचं स्टेशन आपलं.

त्या खिडकीतून आवाजही फार यायचे. पहाटे कोकिळा अशा काही ओरडायच्या की शेजारपाजारचे लोक चक्क तक्रार करायचे, आणि बाबा हातातला चहा घेऊन खिडकीत उभे राहून म्हणायचे, “कोकिळेची तक्रार! काय श्रीमंत दुःखं आहेत एकेकाची!” खालच्या मजल्यावर दुपारी माजोंग या चिनी खेळाच्या सोंगट्या कोणी तांदूळ पाखडावेत तशा खळखळायच्या. त्यात आमच्या कुकरची शिट्टी. शिट्टी झाली की माजोंग क्षणभर थांबायचा, मग पुन्हा सुरू. आईला याचा अभिमान होता. “बघ, माझं वरण त्यांनाही कळतं.”

माझं नाव ज्ञानदा. इंग्रजीत त्याची सुरुवात डी, एन, वाय अशी होते आणि शाळेतल्या एकाही शिक्षकाला त्या तीन अक्षरांपलीकडे सुखरूप जाता आलं नाही. हजेरी घेताना बाई एकदम गप्प झाल्या की वर्गाला कळायचं, माझा नंबर आला. मी ‘प्रेझेंट’ म्हणून त्यांची सुटका करायचे. मैत्रिणी मला डिन म्हणायच्या, घरी मी ज्ञानू. माझं मराठी आमच्या स्वयंपाकघराच्या मापाचं होतं. पोळी, भाजी, आवर, झोप, पुरे. त्याबाहेरचं काही बोलायचं झालं तर मी आधी इंग्रजीत विचार करून मग तो मराठीत उलटा करायचे. “आई, मला थंडीने पकडलं,” असं मी म्हटलं की बाबा विचारायचे, “सोडलं की अजून धरून बसलीय?” एकदा पुण्याहून काकांचा फोन आला, बाबा कसे आहेत म्हणून विचारलं, आणि मी म्हटलं, “बाबा ठीक करतायत.” पलीकडून काकांनी विचारलं, “काय ठीक करतायत? फ्रिज?” ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात इतक्या वेळा सांगितली गेली की आता ती सांगायला मीच बसते, म्हणजे निदान तपशील तरी बरोबर राहतात.

त्या वर्षी बाबा खरोखर ठीक नव्हते. आधी ते स्टेशनचे जिने चढताना थांबायला लागले आणि आम्हाला सांगायला लागले की ते देखावा बघतायत. आमच्या स्टेशनवरून दिसणारा देखावा म्हणजे एक सुपरमार्केट. मग पाय सुजायला लागले, मग रात्री आडवं पडवेना म्हणून डोक्याखाली उश्या वाढत गेल्या, आणि शेवटी तपासण्या झाल्या. हृदय मोठं झालंय, आणि मोठं झालं म्हणून कमजोर झालंय, असं डॉक्टरांनी आम्हाला चित्र काढून समजावलं. “म्हणजे माझं मन मोठं आहे हे आता रेकॉर्डवर आलं,” बाबा परतीच्या टॅक्सीत आईला म्हणाले. आई खिडकीबाहेर बघत राहिली. ऑफिसने थोडे दिवस घरून काम दिलं, मग हलकं काम दिलं, आणि मग बाबा घरीच राहायला लागले.

घरातलं मीठ गेलं. पापड, लोणचं, सांडगी मिरची, सगळं वरच्या कपाटात गेलं आणि कपाटाला जणू सुतक लागलं. आळणी वरणात आई लिंबू पिळून, आलं किसून, जिऱ्याची फोडणी घालून काय काय करून बघायची. बाबा पहिल्या घासाला डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “उत्तम! आज तर मीठ जरा जास्तच झालंय.” पाण्यावरही माप आलं. दिवसाची एक बाटली ठरली, त्यापलीकडे नाही. चहा पाण्यात धरायचा नसतो, असा बाबांनी एक नियम काढला आणि तो डॉक्टरांना सोडून सगळ्यांना पटवून द्यायचा प्रयत्न केला.

सकाळी मी कॉलेजला निघाले की ते स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहायचे. गाडी आमच्या घरावरून जाताना ते हात हलवायचे. मी त्यांना कितीदा सांगितलं असेल, बाबा, तिथे मोतीबिंदू असतो, मला काहीच दिसत नाही, तुम्हालाही नुसती पांढरी काच दिसत असेल. “मग काय झालं,” ते म्हणायचे. “मी गाडीला हात करतो. तू आत असतेस हा योगायोग.”

आणि अशा त्या वर्षातच माझी स्थळं बघायला सुरुवात झाली. स्थळं म्हणजे मेडिकल कॉलेजं. हा शब्द बाबांचा. मला डॉक्टर व्हायचं होतं हे तोवर इतकं जुनं झालं होतं की ते कोणाच्या डोक्यात आधी आलं, माझ्या की त्यांच्या, हे आता सांगता येणार नाही. पण अर्ज करणं, वाट बघणं, समोरच्यांनी आपल्याला पारखणं, हे सगळं बाबांना फार ओळखीचं वाटलं. “अगं, तुझ्या आत्याचं लग्न जमवताना हेच केलंय आम्ही. फोटो पाठवा, शिक्षण कळवा, मुलीला काय काय विचारतील ते पाठ करून घ्या.” सिंगापूरच्या विद्यापीठाचं स्थळ सगळ्यात तोलामोलाचं, गावातलंच आणि माहेरही जवळ. त्यांच्याकडून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा बाबांनी जाहीर केलं, “बघायला बोलावलंय!” आणि मुलाखतीच्या दिवशी सकाळी आईने खरोखर कांदेपोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर, सगळं. मी म्हटलं, हे त्यांना द्यायचे असतात ना? “ते लांब आहेत,” आई म्हणाली. “तू खा.”

मुलाखत घेणारे तिघं होते आणि तिघंही फार सभ्यपणे हसत होते. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, तुमचा पेशंट औषध घ्यायला साफ नकार देतोय, तुम्ही काय कराल? पेशंटचे हक्क, संवाद, विश्वास, असं मी महिनाभर पाठ केलं होतं. ते सगळं त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे. मी म्हणाले, “मी त्याच्या बायकोला सांगेन.” आमच्या घरी औषधं अशीच घेतली जायची. तिघंही मनापासून हसले आणि मला वाटलं, जिंकलं. आज मी स्वतः विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेते, तेव्हा मला कळतं की परीक्षक मनापासून हसला की समजावं, आपलं काम झालं, पण वेगळ्या अर्थाने.

“मुलाकडचे काय म्हणाले?” संध्याकाळी बाबांनी विचारलं.

“कळवतो म्हणाले.”

“हं,” बाबा म्हणाले. त्या हं मध्ये माझ्या आत्याची सगळी स्थळं होती.

नकार आला तेव्हा मी माझ्या खोलीत जाऊन रडले आणि आई दाराबाहेर उभी राहून उगाच कपड्यांच्या घड्या घालत राहिली. बाबा आत आले. खुर्चीपासून पलंगापर्यंत यायलाही त्यांना दम लागला होता, म्हणून आधी नुसतेच बसून राहिले. मग म्हणाले, “उंचीत नसेल बसलं.” मी रडतारडता हसले. ते माझ्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मला त्या हातातून त्यांचा श्वास कळत होता, वर, खाली, मध्येच अडखळत.

आता उरली दोन स्थळं. एक सिंगापूरमधलंच, लाइफ सायन्सेसचं. त्यांनी मला आनंदाने घेतलं होतं, पण ते शिकून डॉक्टर होता येत नव्हतं. आणि दुसरं काकांनी सुचवलेलं, कृष्णेकाठच्या एका लहान शहरातलं मेडिकल कॉलेज. तिथे परदेशी राहणाऱ्यांसाठी जागा होत्या आणि त्यातली एक माझ्यासाठी निघाली होती. पण त्या कॉलेजची पदवी तेव्हा सिंगापूरला चालत नव्हती. तिथे शिकायचं म्हणजे तिथलंच होऊन राहायचं. इथलं स्थळ घेतलं तर मी बाबांजवळ असेन आणि डॉक्टर होणार नाही. तिकडचं घेतलं तर डॉक्टर होईन आणि बाबांजवळ नसेन. बाबा किती दिवस आहेत हे कोणी बोलत नव्हतं. बोलत नव्हते म्हणूनच ते सगळ्यांना माहीत होतं.

मी निर्णय घ्यायला फार वेळ लावला नाही. त्या वयात त्याग करायला फार मजा येते. एका संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं की मी इथेच लाइफ सायन्सेस घेणार, डॉक्टर झालंच पाहिजे असं कुठे आहे, जगात इतर कामं आहेत. बहुतेक मी आवंढाही गिळला असेन, जरा नाट्य यावं म्हणून. बाबा मला विरोध करतील, मग मी ठाम राहीन, मग ते भरल्या डोळ्यांनी मान डोलावतील, असं सगळं माझ्या मनात तयार होतं.

बाबा म्हणाले, “बरं.”

आणि ताकाची वाटी तोंडाला लावली. आईने न विचारता मला आणखी भात वाढला. बस, एवढंच. मला इतका राग आला की मी तो भात सगळा खाल्ला.

त्यानंतर काही आठवड्यांतच बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. दुपारची वेळ होती. आई त्यांच्यासाठी घरून जेवण आणायला गेली होती, कारण हॉस्पिटलच्या आळणी जेवणापेक्षा तिचं आळणी जेवण चांगलं होतं असं बाबा म्हणायचे. वॉर्डमध्ये मी एकटी त्यांच्याजवळ होते. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि ते डोळे मिटून पडले होते. अचानक ते उठून बसायला धडपडले, दोन्ही हातांनी पलंगाच्या कडा धरल्या, आणि मास्कच्या आतून म्हणाले, “घाबरं होतंय… ज्ञानू, घाबरं होतंय गं.”

आयुष्यभर ज्या माणसाने इंग्रजीत मीटिंगा घेतल्या, इंग्रजीत साहेबांशी भांडणं केली, त्याला त्या क्षणी इंग्रजी सापडलं नाही. मी बटण दाबलं. रोझना नावाची एक मलाय सिस्टर धावत आली. बुटकीशी, गोल चेहऱ्याची, डोक्याला करडा रुमाल. तिने पलंगाचा माथा वर केला, ऑक्सिजन वाढवला, त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्राकडे पाहिलं, डॉक्टरांना निरोप धाडला, हे सगळं एका दमात. मग मला विचारलं, “अंकल काय म्हणतायत?”

मला घाबरणं माहीत होतं. घाबरं होणं माहीत नव्हतं. दम कोंडतो, आतून काहूर उठतं, जीव एका जागी राहत नाही, याला आपल्या लोकांत घाबरं होणं म्हणतात, तो शब्द पोळी-भाजी-आवर-झोपमध्ये कुठे आला नव्हता. मी सिस्टरला सांगितलं, “ही इज स्केअर्ड. ते घाबरलेत.”

रोझनाचे हात थांबले. तिने इंजेक्शन घेऊन आलेल्या डॉक्टरांना जागा करून दिली, आणि ते गेल्यावर स्टूल ओढून ती बाबांजवळ बसली. त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आमच्या घरी असं कोणी कोणाचा हात धरत नसे. बाबांचा हात असा धरलेला मी कधी पाहिला नव्हता, आईनेसुद्धा. श्वास जरा खाली बसला तेव्हा तिने विचारलं, “कशाची भीती वाटते, अंकल?” मीही ते मराठीत विचारलं, “बाबा, कशाला घाबरताय?”

बाबांनी डोळे उघडले. आधी त्यांना काही समजेना. मग समजलं, आणि इतक्या त्रासातही त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, काकांच्या फ्रिजच्या वेळी आलं होतं तेच. त्यांनी मास्क बोटभर उचलला. “अगं गाढवे, घाबरलो नाही. घाबरं होतंय म्हटलं. धाप.” आणि रोझनाकडे वळून, आता त्यांना इंग्रजी सापडलं होतं, “नॉट स्केअर्ड, सिस्टर. ब्रेथलेस. माय डॉटर्स मराठी इज व्हेरी बॅड.”

“ब्रेथलेस मला माहितेय लाह, अंकल,” रोझना तिथल्या ढंगात म्हणाली. तिने हात सोडला नाही. “ते मशीन सांगतं. मी दुसरं विचारतेय.”

पडद्यापलीकडे कोणीतरी टीव्हीवर काहीतरी चिनी बघत होतं, त्यातल्या बाई सारख्या रडत होत्या. मला वाटलं बाबांना झोप लागली. मग ते बोलले. मराठीत, माझ्याकडे न बघता, छताकडे बघून, मध्ये मध्ये मास्क तोंडावर ठेवून, दम घेत.

“तिला सांग, ही माझी मुलगी माझ्यासाठी थांबलीय. मी लवकर गेलो, तर हिचं थांबणं फुकट. लवकर नाही गेलो, तर ही रोज माझ्याकडे बघत बसणार. आणि मग एक दिवस हिला वाटणार, आता सुटावं यांनी. ती वाईट आहे म्हणून नाही. कोणालाही वाटतं. माझ्या वडलांच्या वेळी मला वाटलं होतं. ते तिला वाटलेलं मला दिसणार.” त्यांनी मास्क नीट केला. “याची भीती वाटते. सांग तिला.”

रोझना माझ्याकडे बघत होती. मी दुभाषी होते, मला बोलायला हवं होतं. यातला प्रत्येक शब्द मला समजला होता. एकही अडला नव्हता. मी तोंड उघडलं आणि इंग्रजीत म्हणाले, “त्यांना माझी काळजी वाटते.”

रोझनाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “तुझे बाबा एवढं लांब बोलले,” ती म्हणाली, “आणि तू एवढंसं सांगतेस, आह?”

बाबा हसले. हसल्यावर खोकला आला, खोकल्याबरोबर यंत्र ओरडायला लागलं, आणि त्या गडबडीत माझे डोळे पुसायचे राहून गेले. तेवढ्यात आई डबा घेऊन आली. आम्हा तिघांकडे पाहून तिने एवढंच विचारलं, “काय झालं?” आणि बाबा म्हणाले, “काही नाही. हिच्या मराठीची शिकवणी चालू आहे.”

आज मी त्याच कृष्णेकाठच्या शहरात आहे. माझ्या बाह्यरुग्ण विभागात दिवसाला कितीतरी बायाबाप्ये येऊन बसतात आणि छातीवर हात ठेवून म्हणतात, “डाक्टरीणबाई, घाबरं होतंय.” माझे ज्युनियर्स बरोबर लिहितात, श्वासाचा त्रास. त्यांचं मराठी चांगलं आहे. मी छाती तपासते, पाय दाबून सूज बघते, जे करायचं ते सगळं करते. मग स्टूल ओढते आणि दुसरं विचारते. बहुतेक जण म्हणतात, कशाची नाही. काहीजण बोलतात. ते ज्यांनी ऐकायला हवं असतं ते सहसा शेजारीच पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असतात. रोझना मला पुन्हा कधी भेटली नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ती दुसऱ्या वॉर्डात गेली होती.

बाबा घरी आले त्या आठवड्यात काकांना फोन मीच केला. “काका, तिकडच्या स्थळाला होकार कळवा,” मी म्हणाले. बाबांनी सांगितलं म्हणून नव्हे. त्यांनी तर घरी आल्यापासून तो विषयच काढला नव्हता. पण त्यांच्या छातीवर जे काही बसलं होतं त्यात माझं थांबणंही बसलं होतं, हे मला कळलं होतं, आणि तेवढंच एक माझ्या हातून उचलण्यासारखं होतं. काकांनी कळवतो म्हणून सांगितलं. मग म्हणाले, “आणि दादा कसाय?” मी म्हटलं, “मधूनमधून घाबरं होतं त्यांना.” “हो का,” काका म्हणाले, आणि फ्रिजबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

स्वयंपाकघरात बाबा चहा पीत होते. फोन ठेवून मी वळले तर त्यांनी विचारलं, “ठरलं?” मी म्हटलं, “ठरलं.”

“बरं,” ते म्हणाले. हा ‘बरं’ आधीच्यासारखा नव्हता. आई मात्र ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि नळ उगाचच चालू होता.

निघायच्या दिवशी आईने हातावर दही घातलं. दही तिथल्या दुकानातलं, गोड वासाचं, पण तिने त्यावरही साखर घातली. मी बाबांच्या पाया पडले तर सूज आलेल्या पायांवर माझ्या बोटांचे खड्डे पडले. ते हळूहळू भरून येईपर्यंत मी वाकूनच राहिले. विमानतळावर येण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं. पण त्यांचा एक हट्ट होता. टॅक्सी इमारतीच्या मागच्या बाजूने निघते, ती खिडकीतून दिसत नाही. तेव्हा बॅगा घेऊन आईने टॅक्सीने जावं, मी एलआरटीने एक स्टेशन जावं आणि तिथे उतरून टॅक्सीत बसावं.

“अहो, विमान आहे तिचं!” आई म्हणाली. “आणि तिथे मोतीबिंदू असतो, काही दिसत नाही, हे तुम्हालाही माहितेय. तुम्हाला इथे एकटं सोडून मी—”

“तेवढ्यात मी काय पळून जातो?” बाबा म्हणाले. “जा तुम्ही.”

तर असा माझा सासरी जाण्याचा थाट. आई सगळ्या बॅगांसह टॅक्सीत, टॅक्सीवाल्याला हिंदीत समजावतेय की पुढच्या स्टेशनला थांब, तिथे मुलगी येईल, आणि तो चिनी माणूस ‘कॅन, कॅन’, म्हणजे होईल, होईल, म्हणतोय. आणि मी हातात नुसती पर्स घेऊन जवळजवळ रिकाम्या गाडीत, खिडकीशी उभी. गाडी वळली. सुपरमार्केट गेलं, शाळेचं मैदान गेलं, आमच्या इमारतीची कड दिसली, वाळत घातलेले कपडे दिसले, आणि काच पांढरी झाली. मी हात हलवला. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्या काचेकडे पाहिलं, आणि सभ्यपणे मान फिरवली. मी हात हलवतच राहिले. काच पुन्हा स्वच्छ झाली तेव्हा समोर दुसऱ्यांचीच इमारत होती.

बाबा माझ्या पहिल्या सुट्टीपर्यंत राहिले नाहीत. मला कळलं तेव्हा मी हाडांचा तास करत होते, हातात कोणाचीतरी मांडी होती. मी पोचले तोवर घरात माणसं जमली होती, आणि खाली माजोंग बंद होता. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी तिथे नव्हते. त्यांना जे माझ्या चेहऱ्यावर दिसण्याची भीती होती ते माझ्या चेहऱ्यावर आलं असतं की नाही, हे त्यामुळे मला कधीच कळलं नाही. त्यांनाही नाही. त्यांना तेच हवं होतं.

पण निघायच्या दिवशी विमानतळावरून मी त्यांना फोन केला होता. आई शेजारीच होती. घरात ते एकटे. बराच वेळ रिंग वाजली. मग त्यांनी उचलला आणि आधी नुसता श्वास ऐकू आला.

“दिसलीस गं,” बाबा म्हणाले.

मी फोन कानाशी घट्ट धरला.

“मी दिसलो का?”

“दिसलात की,” मी म्हटलं. “निळा शर्ट घातला होतात.”

पलीकडे ते थांबले. तो थांबा दम घेण्याचा होता की दुसरा कसला, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

“हो,” बाबा म्हणाले. “निळाच.”